परसांतील चार गोष्टी : रोझमेरीचें बीं

गेल्या अंकांत आम्हीं गवती चहाविषयीं लिहिलें, तेव्हां कांहीं वाचकभगिनींनीं पत्रें पाठवून विचारलें कीं, सांप्रत ज्याचें नांव घरोघर ऐकूं येतें तें रोझमेरीचें झाड आपल्याकडे कुंडींत होतें कीं नाहीं, आणि होत असल्यास तें बियांपासून करावें कीं फांदीपासून. एका भगिनीनें तर असें लिहिलें आहे कीं, तिनें तीन वेळां विकतचें झाड आणलें आणि तिन्ही वेळां तें पावसाळ्यांत गेलें. आतां चौथें आणण्यास घरांतून रुकार मिळत नाहीं. या भगिनीचें दुःख आम्हांस चांगलें समजतें, कारण आमच्या घरींही हेंच झालें. आणि आमच्याकडे नुसतें झाडच गेलें असें नाहीं. त्यापायीं घरांतील एका वडील माणसाचें मन आम्हीं विनाकारण दुखविलें. म्हणून लागवडीची माहिती देतांना ती हकीकतही सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊं. रोझमेरी ही मूळची भूमध्य समुद्राच्या कांठची. स्पेन, दक्षिण फ्रान्स, इटली, ग्रीस आणि समोरचा उत्तर आफ्रिकेचा किनारा हा तिचा मुलूख. तेथील खडकाळ व चुनखडीच्या उतारांवर ती आपोआप वाढते. झुडूप सामान्यतः कमरेइतकें होतें. पानें सुईसारखीं अरुंद, वरून गर्द हिरवीं व खालून पांढुरकीं असून त्यांच्या कडा आंत वळलेल्या असतात. फुलें लहान व फिकट निळीं. पान चुरगळलें म्हणजे कापूर आणि निलगिरीचें तेल यांची आठवण करून देणारा उग्र वास येतो. तिच्या लॅटिन नांवाचा अर्थ 'समुद्राचें दंव' असा सामान्यतः लावतात. लिनिअसनें १७५३ सालीं तिला 'रोझमरिनस ऑफिसिनॅलिस' असें शास्त्रीय नांव दिलें होतें. परंतु २०१७ सालीं शास्त्रज्ञांनीं तिला साल्व्हिया या गणांत घातल्यामुळें आतां तिला 'साल्व्हिया रोझमरिनस' म्हणतात. पुस्तकांत दोन्ही नांवें आढळतील, झाड एकच.

हिचें कुल मात्र आपल्या अगदीं परिचयाचें, म्हणजे तुळशीचें आहे. तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा हीं सर्व एकाच कुलांतील मंडळी. घरांतील मुलांना याची खूण दाखवावी : कोंवळें खोड दोन बोटांत धरून फिरविलें कीं तें गोल नसून चौकोनी आहे हें बोटांस कळतें, आणि पानें समोरासमोर जोडीनें येतात. आमच्या संस्कृतज्ञ मित्रांस मात्र एक विनंति आहे. या झाडाचें जुनें संस्कृत नांव शोधण्याच्या भरीस त्यांनीं पडूं नये. हा परदेशचा पाहुणा आहे. त्यास त्याच्या नांवानें हांक मारावी आणि त्याची संवय काय आहे तें विचारून घ्यावें, एवढा पाहुणचार पुरे आहे.

ही संवय त्याच्या जन्मभूमीच्या ऋतुमानांत आहे. तिकडे पाऊस हिवाळ्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे नेमकें उलट. पुण्यास वर्षाकाठीं ७०० मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, व त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हवा उबदार आहे आणि त्याच दिवसांत मुळाशीं पाणी सांचलें आहे, हा अनुभव या झाडाच्या पूर्वजांस कधीं आलाच नाहीं. त्याची सर्व तयारी तहान सोसण्याची. अरुंद पान, वळलेल्या कडा, खालची पांढरी लंव, हीं सर्व पाणी राखून ठेवण्याचीं साधनें होत. फार पाणी मिळालें तर काय करावें, याची विद्या त्याच्याजवळ नाहीं.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थाचें मूळ तींत आहे. मुळांनाही हवा लागते. माती सतत ओली राहिली म्हणजे तिच्या कणांमधील पोकळींत हवेच्या जागीं पाणी भरतें, मुळें गुदमरतात आणि बुरशी लागून कुजूं लागतात. कुजलेलें मूळ पाणी वर चढवूं शकत नाहीं. त्यामुळें मुळाशीं पाणी असूनही शेंडे माना टाकतात. म्हणजे अति पाण्यानें मरणारें झाड तहानलेल्या झाडासारखेंच दिसतें! पाहणाऱ्यास दया येते, तो आणखी तांब्याभर पाणी घालतो, आणि जें अर्धें मेलें होतें तें पुरतें मरतें.

आतां आमची हकीकत. आमचें कुटुंब एकत्र आहे. आम्ही व आमचे धाकटे बंधु, दोघांचीं कुटुंबें, मुलगा, सून, पुतण्या, नातवंडें आणि आमची थोरली बहीण आक्का, मिळून अकरा माणसें आहेत. आक्काचें वय चौऱ्याहत्तर. यजमान वारल्यानंतर ती आमच्याकडेच राहते, आणि परसांतील झाडांचें पाणी आल्या दिवसापासून तिनें आपल्याकडे घेतलें आहे.

गेल्या वर्षीं ज्येष्ठ महिन्यांत आमच्या सूनबाईंनीं एका रोपवाटिकेंतून दीड वीत उंचीचें रोझमेरीचें झाड आणलें. आणण्याचें कारण केशवर्धन. सध्यां या झाडाच्या तेलाची ती कीर्ति फार पसरली आहे. तिला आधार अगदींच नाहीं असें नव्हे. २०१५ सालीं इराणांत १०० रुग्णांवर सहा महिने एक प्रयोग झाला. निम्म्यांस रोझमेरीचें तेल व निम्म्यांस मिनॉक्सिडिल नांवाचें प्रचलित औषध दोन टक्के प्रमाणांत लावण्यास दिलें, तेव्हां दोहोंचा गुण जवळजवळ सारखा आढळला. परंतु शंभर माणसांच्या एका प्रयोगावरून डोकें भरून केंस येतील अशी आशा धरणें बरें नव्हे. आमच्या मस्तकाकडे पाहून सूनबाईंनीं तुम्हीही लावून पाहा असें सुचविलें. आम्हीं सांगितलें कीं, पडीक जमिनीवर प्रयोग करण्यापूर्वीं जेथें पीक उभें आहे तेथेंच करून पाहावा.

असो. झाड आषाढभर बरें दिसलें. श्रावणांत त्याचे शेंडे वांकले, खालचीं पानें काळवंडून गळूं लागलीं आणि आठ-दहा दिवसांत सर्व संपलें. कुंडी उपडी केली तों मुळें तपकिरी, लिबलिबीत, आणि त्यांना घाण येत होती. पाणी फार झालें हें उघड होतें. तें कोणीं घातलें?

घरांत सर्वांच्या नजरा आक्काकडे वळल्या. अलीकडे तिला विसर पडतो. चष्मा कपाळावर असतांना ती तो देवघरांत शोधते. सकाळची गोळी घेतली कीं नाहीं हें दुपारीं दोनदां विचारते. तेव्हां पाणी घातल्याचें विसरून तिनेंच पुन्हां पुन्हां घातलें असणार, असें ठरलें. सांगावयास लाज वाटते, पण हें बोलून दाखविणारे आम्हीच होतों. "आक्का, तुझ्या लक्षांत राहत नसेल तर तूं आतां झाडांना पाणी घालूं नकोस. आम्ही बघूं," एवढेच शब्द आम्ही बोललों. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तिनें परसांत जाणें सोडलें. इतकेंच नव्हे, तर तुळशीला पाणी घालण्याचा तिचा लहानपणापासूनचा नेमही तिनें सोडला. सकाळीं ती स्वयंपाकघराच्या दाराशीं बसून राही. कोणी विचारलें तर म्हणे, "नको बाई, मी विसरेन."

तीन-चार दिवसांनीं रात्रीं जेवतांना आमची आठ वर्षांची नात एकाएकीं म्हणाली, "पण आजोबा, त्या झाडाला पाणी तर मीपण घालत होतें. शाळेंतून आल्यावर बाटलींतलें उरलेलें." पंक्तींत क्षणभर कोणी बोलेना. मग आमचे कुटुंब वाढतां वाढतां थांबून म्हणालें, "तांदळाचें धुवण मी रोज त्याच कुंडींत ओततें." सूनबाई संध्याकाळीं कचेरींतून आल्यावर तांब्याभर घालीत असत. पुतण्यानें रविवारीं नळी लावली होती. राहिलों आम्ही. स्नान झाल्यावर एक गडवा त्या कुंडींत रिकामा करण्याचा आमचा परिपाठ होता, आणि आपण मोठे निसर्गप्रेमी आहों अशी त्या वेळीं आमची समजूत होत असे. म्हणजे वरून आभाळाचा पाऊस, आणि खालीं पांच माणसांची माया! आम्हीं आक्काकडे पाहिलें. ती हळूच म्हणाली, "आषाढ लागल्यापासून त्या कुंडीला मी हात लावला नाहीं रे. बोट घालून बघत होतें. माती ओली होती."

वाचकहो, आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेद नांवाचा एक अध्याय आहे. लावलेल्या झाडांना पाणी केव्हां घालावें हें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे : उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यांत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यांत केवळ जमीन कोरडी पडेल तेव्हां. हा श्लोक आम्हांस मुखोद्गत आहे. मुलांकडूनही आम्हीं तो पाठ करून घेतला आहे. आक्का चौथी इयत्तेपर्यंत शिकलेली. तिनें तो ऐकलेलाही नाहीं. परंतु अकरा माणसांच्या घरांत त्याप्रमाणें वागणारी ती एकटी होती, आणि विसराळू तिलाच ठरविलें.

आम्हीं तिची क्षमा मागितली. "असूं दे," ती म्हणाली. पण परसांत ती आली नाहीं. कोणाचें मन एका वाक्यानें मोडतां येतें, तें एका वाक्यानें जुळतेंच असें नाहीं. तेव्हां आम्हीं असें ठरविलें कीं, पुन्हां रोझमेरी लावावयाची, ती विकतचें रोप न आणतां बियांपासून करावयाची, आणि तिचें सर्व काम आक्काकडे द्यावयाचें. दुसऱ्या कोणीं त्या कुंडीस थेंबही घालावयाचा नाहीं.

आतां भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. बीं कीं फांदी? जाणते माळी फांदीच लावावी असें सांगतात, आणि तें खरें आहे. ज्यांच्या शेजारीं निरोगी झाड आहे त्यांनीं फुलावर न आलेला चार-पांच इंच लांबीचा शेंडा घ्यावा, खालच्या निम्म्या भागाचीं पानें काढावीं आणि ओलसर वाळूंत खोंचून सांवलींत ठेवावा. महिना-दोन महिन्यांत मुळें फुटतात, व झाड हुबेहूब आईसारखें होतें. बियांचें तसें नाहीं. बीं सावकाश उगवतें, थोडें उगवतें, आणि प्रत्येक रोप थोड्याफार निराळ्या स्वभावाचें निघतें. परंतु हाच त्याचा गुणही आहे. एकाच झाडाच्या फांद्या लावल्या तर जो दोष एकींत तोच सर्वांत. बियांच्या दहा रोपांपैकीं एखादें आपला पावसाळा सोसणारें निघण्याचा संभव असतो. तें निघालें म्हणजे मग त्याच्या फांद्या लावाव्या.

पेरणीस आपल्याकडे दसरा झाल्यापासून मार्गशीर्षापर्यंतचा काळ उत्तम. या बियांस उगवण्यासाठीं १८ ते २२ अंश सेल्सिअस इतकी ऊब मानवते, आणि देशावर ती याच दिवसांत मिळते. बीं ताजें असावें. ही अट किरकोळ समजूं नये. आम्हीं दसऱ्यानंतर एका दुकानांतून पाकीट आणून तीस बिया पेरल्या. आक्का रोज सकाळीं पाहावयास येई. पंधरा दिवस झाले, महिना झाला, सहा आठवडे झाले. मातींतून कांहीं येईना. "माझ्या हातीं कांहीं लागत नाहीं," असें म्हणून ती पुन्हां दाराशीं बसूं लागली. तेव्हां आमच्या पुतण्यानें टाकलेलें पाकीट शोधून काढलें आणि त्यावरील बारीक अक्षर वाचलें. बीं तीन वर्षांपूर्वींचें होतें! रोझमेरीच्या बियांची उगवणशक्ति लवकर क्षीण होते. वर्षाच्या आंतलेंच बीं घ्यावें. तें पाकीट आम्हीं आक्काच्या हातीं दिलें, तारीख मोठ्यानें वाचून दाखविली आणि म्हटलें, "हा दोष दुकानदाराचा, आणि न वाचतां घेणाऱ्याचा, म्हणजे माझा. तुझा नव्हे." ती हंसली. बऱ्याच दिवसांनीं हंसली.

दुसरें पाकीट तारीख पाहून आणलें, आणि मार्गशीर्षांत चाळीस बिया पेरल्या. आमची रीत अशी होती :

पसरट व तळाशीं भोंकें असलेली मातीची कुंडी घ्यावी. तींत दोन भाग धुतलेली जाड वाळू आणि एक भाग चाळलेलें पानांचें कुजलेलें खत घालावें. खत नसल्यास नारळाच्या काथ्याचा भुसा चालतो. शेणखत या वेळीं मुळींच घालूं नये. आमच्या शेजारीं एक जुना वाडा पडला, त्याच्या भिंतींतील चुन्याचा चुरा आम्हीं मूठभर मिसळला. हें झाड चुनखडींतलें असल्यानें तो त्यास मानवतो. बिया फार लहान असतात, एका ग्रॅममध्यें आठशे ते हजार भरतात. त्या मातीवर नुसत्या पसराव्या, बोटानें हलकेच दाबाव्या, आणि वर वाळूचा अगदीं नांवाला थर द्यावा. त्यांना उजेड मिळाला तर त्या अधिक उगवतात. खोल पुरल्या तर उगवत नाहींत.

पाणी वरून शिंपडूं नये. बिया वाहून एका कडेस जातात. परातींत दोन बोटें पाणी घेऊन तींत कुंडी ठेवावी. पाणी खालून वर चढून माती वर दमट दिसूं लागली कीं कुंडी उचलून निथळत ठेवावी. वर कांचेचें तावदान ठेवावें, पण दिवसांतून एकदां तें काढून वारा लागूं द्यावा. कुंडी उजेडांत असावी, दुपारच्या उन्हांत नसावी. मग धीर धरावा. साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. कांहीं बिया दोन महिन्यांनींही उगवतात. निम्म्याहून कमी उगवल्या तरी तें अपयश समजूं नये. या बियांचा स्वभावच तसा आहे.

आम्हीं कुंडीजवळ एक पाटी टांगली. कुंडी परातींत ठेविली म्हणजे आक्कानें तीवर खडूनें तिथि लिहावयाची. ती पाटी आक्कासाठीं होती असें कोणीं समजूं नये. ती आम्हां इतर दहा जणांसाठीं होती. ज्याच्या मनांत दया उत्पन्न होईल त्यानें ती वाचावी आणि हात आवरावा! पहिल्या आठवड्यांत आमचाच गडवा दोनदां वाटेंत थांबला.

एकोणिसाव्या दिवशीं सकाळीं आक्कानें परसांतून हांक मारली. "अरे, इकडे ये. चष्मा घेऊन ये." मोहरीएवढीं दोन हिरवीं पानें उघडलीं होतीं. आम्ही दोघेंही बराच वेळ खालीं वांकून पाहत राहिलों. मग तिनें तांब्या उचलला आणि ती तुळशीकडे गेली. आम्हीं तिला कांहीं विचारलें नाहीं.

चाळीस दिवसांत तेरा बिया उगवल्या. पहिलीं दोन पानें साधीं लांबट-गोल असतात. सुईसारखीं खरीं पानें त्यानंतर येतात, म्हणून भलतेंच रोप आलें असें समजून उपटूं नये. एके रात्रीं थंडीमुळें कांच झांकून ठेविली ती दुसऱ्या दिवशीं काढावयाची राहिली, आणि चार रोपें जमिनीलगत काळीं पडून कोलमडलीं. दमट, कोंडलेल्या हवेंत कोंवळ्या रोपांस हा रोग नेहमीं होतो. रोपें उगवलीं कीं कांच काढून टाकावी, हा यांतील धडा. राहिलेलीं नऊ रोपें फाल्गुनांत दोन इंचांचीं झाल्यावर एकेक करून लहान कुंड्यांत लावलीं. वैशाखाच्या उन्हांत दोन गेलीं. त्या महिन्यांत दुपारची सांवली अवश्य द्यावी.

राहिलीं सात. ज्येष्ठांत त्यांपैकीं पांच आम्हीं मागील पडवींत छपराखालीं, परंतु उजेडाच्या बाजूस, विटांवर ठेविलीं. कुंडीखालीं बशी ठेविली नाहीं. बशींत सांचलेलें पाणी हाच या झाडाचा शत्रु. आक्का रोज बोट मातींत घालून पाही. दोन पेरांपर्यंत कोरडें लागलें तरच पाणी. उरलेलीं दोन रोपें वाळू व विटांच्या तुकड्यांचा उंचवटा करून मुद्दाम उघड्या पावसांत ठेविलीं. आज आश्विनांत स्थिति अशी आहे : पडवींतील पांचांपैकीं चार उत्तम आहेत, वीतभर उंच झालीं आहेत. उघड्यावरील दोहोंपैकीं एक गेलें आणि एक जगलें. एका रोपावरून सिद्धांत बांधतां येत नाहीं हें आम्ही जाणतों. तथापि त्याचे शेंडे लावून पुढील पावसाळ्यांत पाहण्याचा आक्काचा विचार आहे.

पहिल्या वर्षीं पानें तोडण्याची घाई करूं नये. झाड धरल्यावर कोंवळे शेंडे खुडावे, म्हणजे तें भरतें. मात्र पानें नसलेल्या जून लांकडापर्यंत छाटूं नये, तेथून तें सहसा पुन्हां फुटत नाहीं. दिवसाचे पांच-सहा तास ऊन व अगदीं थोडें खत एवढें त्यास पुरतें. निलगिरीच्या थंड डोंगरांवर याची रीतसर शेतीही होते. उपयोग म्हणाल तर बटाट्याच्या काचऱ्या करतांना तेलांत कढीलिंबाऐवजीं एक लहान शेंडा टाकून पाहावा. वास उग्र असतो, तेव्हां हात आखडता ठेवावा. पानें सांवलींत वाळवून डब्यांत ठेवितां येतात. बाजारांत मिळणारा या झाडाचा तेलार्क मात्र फार तीव्र असतो. तो पोटांत घेऊं नये व निर्भेळ त्वचेवर लावूं नये. गर्भवती स्त्रियांनीं तर वैद्याच्या सल्ल्यावांचून त्याच्या वाटेस जाऊं नये.

पाश्चात्य लोक या झाडास स्मरणाची खूण मानतात. शेक्सपीअरच्या 'हॅम्लेट' नाटकांत वेडी झालेली ऑफेलिया तें आठवणीसाठीं म्हणून देते. १९१५ सालीं गॅलिपोली येथें पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ऑस्ट्रेलियांतील लोक दरवर्षीं २५ एप्रिलला याची डहाळी छातीवर लावतात. हें झाड त्या गॅलिपोलीच्या भूमीवरही आपोआप उगवतें. यास्तव तें खाल्ल्यानें विसर जातो अशी कोणीं समजूत करून घेऊं नये. आक्काचा चष्मा अद्याप हरवतो, आणि गोळीविषयीं ती अद्याप दोनदां विचारते. फरक एवढाच कीं, घरांत कांहीं बिघडलें म्हणजे तिच्याकडे पाहण्यापूर्वीं आतां आम्ही पाटीकडे पाहतों.

एकत्र कुटुंबांत झाडास आणि माणसास एकच भय असतें : माया करणारे पुष्कळ, आणि विचारणारा कोणी नाहीं. ज्या भगिनीचीं तीन झाडें गेलीं तिनें चौथ्यासाठीं घरांत परवानगी न मागतां, कुंडी कोणा एकाच्या स्वाधीन करण्याचा ठराव मागावा. तो एक शक्य तर घरांतील सर्वांत वडील माणूस असावा. बीं या महिन्यांतच आणावें, आणि पाकिटावरील तारीख दुकानांतच वाचावी.

पुढील अंकीं आंबेहळदीविषयीं.